परवा आणि नाडिद्दु

जिनं मला फसवलं, तिचंच सांत्वन करायला मी गरम उप्पिट्टुची झाकलेली ताटली घेऊन जिना चढले होते. ताटली पदरानं धरलेली, आणि डोळ्यांत पाणी, तेही तिच्यासाठी. माझ्या मूर्खपणांची यादी लांब आहे, आमच्या ह्यांना विचाराल तर आणखी लांबेल, पण पहिला नंबर या ताटलीचा. वर तिनं ते उप्पिट्टु खाल्लं आणि म्हणाली, लिंबू जरा कमी पडलंय.

परवाच आमचे जावई लॅपटॉपसमोर डोकं धरून बसले होते. नातवाची अ‍ॅडमिशन. मला म्हणाले, "आई, तुमच्या वेळी बरं होतं. जायचं, फॉर्म आणायचा, भरायचा, संपलं." मी हसून कॉफी पुढं केली. फॉर्म आणायला जायचं कधी, एवढंच कळायला हवं होतं. बाकी सोपंच होतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. आमचं घर बेंगळूरच्या चामराजपेटमध्ये, स्टीलच्या भांड्यांचं दुकान मार्केटच्या बाजूला, आणि आमचे हे, म्हणजे लेकीचे अप्पा, दिवसभर तिथंच. लेक सातवीत. गल्लीच्या टोकाची तिची शाळा सातवीला संपत होती आणि आठवीपासून हायस्कूल शोधायचं होतं. कॅन्टोन्मेंटकडं मुलींचं एक जुनं हायस्कूल होतं. तिथं आठवीला बाहेरच्या थोड्याच मुली घ्यायचे, प्रवेश परीक्षा घेऊन: इंग्लिश, गणित, कन्नड. लेक सहावीत असताना तिथलं विज्ञान प्रदर्शन बघायला गेली होती आणि सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल बघून आली होती. त्यानंतर घरात कांदा चिरायला घेतला की ही पुढ्यात येऊन पापुद्रा मागायची. मला तर ती शाळा तिच्याहूनही जास्त हवी होती. माझ्या वडिलांनी माझी एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाल्यावर "पुरे आता" म्हटलं होतं, आणि ते "पुरे" माझ्या घशात तेव्हापासून अडकून बसलेलं होतं.

त्याच वर्षी आमच्या माडीवर पुण्याचं एक कुटुंब भाड्यानं आलं. नवरा कॉम्प्युटरमध्ये, बायको घरी, एक मुलगी, तीही सातवीत. "मराठी घर हवं" म्हणून शोधत आले. मी तिला मनात 'वरची' म्हणायची. तोंडावर आधी अक्का म्हटलं.

"अक्का नको हो वहिनी," ती म्हणाली, "ताई म्हणा. अक्का म्हटलं की मला भाजीवाली झाल्यासारखं वाटतं."

मी लगेच ताई म्हणायला लागले. इतक्या वर्षांत आमच्या घरात कुणाच्या मराठीला कुणी हसलं नव्हतं, कारण सगळ्यांची सारखीच होती. चार पिढ्या इथं काढलेलं मराठी ते. दोन शब्द मराठी, तिसरा कन्नड, आणि सुरात सगळं एकच. वरचीचं मराठी रेडिओवरच्या बाईसारखं. ती बोलायला लागली की मी हातातलं काम ठेवून ऐकत राहायची. उप्पिट्टु म्हटलं की ती म्हणायची, उपमा. स्वल्प म्हटलं की, थोडं. आणि एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मी म्हटलं, "नाडिद्दु आमच्याकडं हळदीकुंकू आहे, या." ती हातातली चादर सोडून हसत सुटली.

"नाडिद्दु काय हो वहिनी? नाडी बांधताय की सोडताय? परवा म्हणा, परवा."

आमच्या घरात 'परवा' म्हणजे फक्त होऊन गेलेला दिवस. येणाऱ्या दिवसाला नाडिद्दु. कन्नडनं आमच्यावर केलेला हा उपकार आहे, की गेलेला आणि येणारा दिवस एकाच शब्दात कोंबलेला नाही. पण तेव्हाच्या माझ्यातल्या शहाणीला हा उपकार मागासलेपणा वाटला. मी तोंडातून नाडिद्दु काढून टाकलं आणि पुढच्या दिवसालाही परवा म्हणायला लागले. एवढ्यावर थांबले असते तर बरं. मी सासूबाईंनाही सुधारायला गेले.

"आई, स्वल्प नाही, थोडं म्हणा."

सासूबाई तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाल्या, "अगं, माडी भाड्यानं दिली तेवढं पुरे झालं नाही काय? जीभ पण दिलीस?"

दोन्ही मुलींना एकाच हायस्कूलची परीक्षा द्यायची होती, म्हणून आम्ही आयांनी ठरवून टाकलं. गणित मी शिकवायचं, इंग्लिश तिनं. माझं गणित चांगलं होतं. खरं म्हणजे माझ्याजवळ चांगलं असं तेवढंच होतं. रोज संध्याकाळी दोघी आमच्या मधल्या खोलीत चटईवर बसायच्या. वरचीची मुलगी गोड होती, पण अपूर्णांक दिसला की तिचा चेहरा रडवेला व्हायचा. मी दुकानातून दुधाची मापं आणली, पाव लिटर, अर्धा लिटर, एक लिटर, आणि न्हाणीघरात बसवून पाणी ओतायला लावलं. पाऊणमधून पाव काढला की काय उरतं ते तिनं आधी बघितलं, मग लिहिलं. नळ आणि टाकीचं गणित आलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, पण मध्येच पाणी गेलं तर?"

"गणितात पाणी जात नाही. बेंगळूरमध्ये जातं."

दोघी लोळून हसल्या. वरची इंग्लिश कसं शिकवायची ते मला नीट माहीत नव्हतं. लेक वर जाऊन यायची आणि सांगायची, "एक धडा मोठ्यानं वाचला. काकू आत भाजी करत होत्या." मी म्हणायची, पुण्याची पद्धत असेल.

ते हायस्कूल फॉर्म एकाच सकाळी द्यायचं. फाटकावर एक-दोन दिवस आधी नोटीस लागायची, पहाटेपासून रांग, पालकानं स्वतः यायचं, आणि फॉर्म संपले की खिडकी बंद. त्यातच आमच्या सासूबाई कपडे धुवायच्या दगडाजवळ घसरल्या आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मला घर सोडणं कठीण झालं. वरचीकडं स्कूटी होती. तिनं आपणहून सांगितलं, "नोटिशीकडं मी लक्ष ठेवते वहिनी. तुम्ही निश्चिंत राहा." एक दिवसाआड ती जाऊन यायची आणि जिन्यातूनच सांगायची, "अजून काही नाही हो."

मी निश्चिंत राहिले. त्या काळात मी हे काम फार मन लावून करायची.

एका सोमवारी ती बाहेरून आली, हातात भाजीची पिशवी. मी अंगणात उभी होते.

"ताई, फॉर्म कधी?"

"परवा," ती म्हणाली आणि जिना चढायला लागली.

"सकाळी?"

"सकाळी. पहाटेपासून रांग."

"मग मी बसनं येईन. तुम्ही पुढं व्हा."

"बघा," ती म्हणाली आणि वर गेली.

नंतर हे बोलणं मी मनात इतक्या वेळा उलटंपालटं केलं आहे, की त्याच्या कडा झिजल्या असतील. त्यात तिनं एकही क्रियापद वापरलं नव्हतं. ना 'देणार', ना 'दिले', ना 'असणार', ना 'होती'. रेडिओवरच्या बाईसारखं बोलणारी ती, तिला त्या दिवशी क्रियापदांचा उपवास होता. आणि माझ्या कानाला ते शुद्ध, सुटसुटीत मराठी वाटलं.

बुधवारी पहाटे मी शेजारच्या आजींना सासूबाईंजवळ बसवलं. ठेवणीतली साडी नेसले, कारण फॉर्म देणारे पालकाकडंही बघतात असं कुणीतरी सांगितलं होतं. लेकीचं मार्कशीट पिशवीत घातलं आणि पहिली बस पकडली. दुसरी बस बदलून पोचले तर फाटकावर चिटपाखरू नव्हतं. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, पहिला नंबर.

वॉचमन झाडाखाली पेपर वाचत होता. मी फॉर्म म्हटलं. त्यानं माझ्या साडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मुगीतम्मा," तो म्हणाला. संपलं बाई. "शनिवारने मुगीतु."

शनिवारीच संपलं. फाटकावर नोटिशीचा कागद अजून होता, एका कोपऱ्यावर लोंबत. मी तो वाचला. तारीख शनिवारचीच. मी आत ऑफिसात गेले, तिथल्या बाईंना विनवलं, लेकीचं मार्कशीट दाखवलं. त्यांनी ते बघितलं, "छान आहे," म्हणाल्या, आणि परत दिलं. फॉर्म एकही उरला नव्हता, आणि उरला असता तरी तारीख गेली होती.

परत येताना बसमध्ये मी रडले. पण कशासाठी ते ऐका. लेकीसाठी अर्धा रस्ता. उरलेला अर्धा रस्ता वरचीसाठी. मला वाटलं, बिचारीनं नोटीस चुकीची वाचली. कन्नडातली नोटीस, हिला वाचता येत नाही, कुणाला तरी विचारलं असेल आणि त्यानं चुकीचं सांगितलं असेल. आता ही स्कूटी घेऊन येईल, फाटक बंद दिसेल, आणि स्वतःला दोष देत बसेल. तिला हे आधी कुणीतरी हळू सांगायला हवं. म्हणून घरी आल्यावर साडीही न बदलता मी रवा भाजायला घेतला.

ताटली घेऊन वर गेले. ती घरातच होती. रांगेला गेलेली बाई घरात कशी, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

"ताई, आधी बसा."

"काय झालं?"

"फॉर्म शनिवारीच दिले. आपल्या दोघींचंही गेलं."

ती खुर्चीत बसली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो का." मग, "अरेरे."

मी तिचा हात हातात घेतला. "मनाला लावून घेऊ नका. नोटीस वाचण्यात चूक कुणाचीही होते. मी तुम्हाला दोष देत नाही."

थोडक्यात मी तिला माफ केलं. तिनं मागितलेलीही नसताना, घरपोच, गरमागरम. तिनं उप्पिट्टु खाल्लं, लिंबाचं ते बोलली, आणि मला दारापर्यंत सोडताना म्हणाली, "पण मुलींचा अभ्यास थांबवू नका हं वहिनी. दुसऱ्या शाळांच्या परीक्षा असतातच. तुमच्यामुळं हिला गणित आवडायला लागलंय."

मी जिना उतरले तेव्हा माझी छाती फुगली होती. लेकीला सांगितलं तर ती पुस्तक उघडून बसली. मी म्हटलं, शहाणी आहे पोर.

आणि मी शिकवत राहिले. आधी शिकवायची त्याच्यापेक्षा जास्त. काम आणि वेग, नफा आणि तोटा, सरासरी, शेकडेवारी. वरचीच्या मुलीला शेकडेवारी जमेपर्यंत मी माझ्या लेकीला थांबवून ठेवायची. "तुला येतंय, तिला करू दे," म्हणायची. त्या काही आठवड्यांत ती पोर इतकी तयार झाली की एका संध्याकाळी तिनं माझी चूक काढली. मी दोघींना काजूची एकेक चिक्की दिली.

मग एक रविवार आला. सकाळी मी सासूबाईंना कॉफी देत होते. वरचीची मुलगी खाली आली. इस्त्रीचा युनिफॉर्म, दोन वेण्या, हातात कंपासपेटी. खाली वाकून तिनं आधी सासूबाईंच्या प्लास्टर नसलेल्या पायाला हात लावला, मग माझ्या दोन्ही.

"काकू, नमस्कार करते."

"औक्षवंत हो. काय गं, वाढदिवस आहे?"

"आज टेस्ट आहे ना," ती म्हणाली. आणि त्या हायस्कूलचं नाव घेतलं.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वरची उभी होती, हातात स्कूटीची किल्ली. तिनं मुलीला आमच्याकडं यायला सांगितलं नसणार. पोरीनं आपल्या मनानं, परीक्षेला जाताना शिकवणाऱ्याच्या पाया पडायचं म्हणून केलं. मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिला कुणीतरी चांगलं वळण लावलं होतं, आणि ते मी नव्हते, म्हणजे वरचीनंच लावलं असणार. हेही मी नंतर बरंच उलटंपालटं केलं आहे.

मी काय केलं असेल? ओरडले नाही. आत गेले, वाटीत दही घेतलं, साखर घातली, आणि त्या मुलीच्या तळहातावर ठेवलं. सवय, दुसरं काय. परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर दही ठेवायचं, एवढंच माझ्या हातांना माहीत होतं. तोंडातूनही आपोआप निघालं, "घाई करू नकोस. कच्चं काम बाजूला कर." पोरीनं दही चाटलं आणि पळाली. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.

सासूबाई कॉफी बशीत ओतत होत्या. "सरी," त्या म्हणाल्या. म्हणजे, ठीक आहे. मग एक घोट घेऊन, "भाडेकरू काढता येतो गं, महिन्याची नोटीस दिली की झालं. गणित देऊन बसलीस, ते कसं काढून घेशील?"

दुपारी वरची परत आल्यावर मी जिन्यात उभी राहिले.

"ताई, तुम्ही शनिवारी फॉर्म आणला होतात."

"हो."

"मला परवा म्हणालात."

"तुम्ही सोमवारी विचारलंत. शनिवार म्हणजे परवाच झाला की." ती शांतपणे बोलत होती, आवाज चढवला नाही. "मी खोटं काय बोलले, सांगा मला."

"मला वाटलं..."

"तुम्हाला नाडिद्दु वाटलं, त्याला मी काय करणार, वहिनी?"

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. उच्चार अगदी बरोबर होता.

मी म्हटलं, "आणि माझ्याकडून पोरीला शिकवून घेतलंत."

"घेतलं." ती भिंतीला टेकली. "तुमची मुलगी गणितात पहिली येते. दोघी परीक्षेला बसल्या असत्या तर जागा कुणाला मिळाली असती, तुम्हीच सांगा. आम्ही इथं कुणाला ओळखत नाही, भाषा येत नाही. तुमचं काय, सगळं गाव तुमचं. तुम्हाला कुठंही मिळेल." मग एकदम गृहिणीच्या आवाजात, "तुमची ताटली राहिलीय माझ्याकडं, आणून देते."

इतके महिने तिच्याकडून शिकलेलं सगळं शुद्ध मराठी त्या जिन्यात माझ्या कामाला आलं नाही, आणि जुनं तर मी आधीच टाकून दिलं होतं.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव अडकून राहायला नको. वरचीची मुलगी पास झाली. गणितात चांगलीच झाली असणार, माझी विद्यार्थिनी. नंतर त्यांनी के. आर. पुरमकडं स्वतःचं घर घेतलं आणि माडी रिकामी केली. जाईपर्यंत भाडं वेळेवर, जिन्यात भेटलं की नमस्कार. माझी लेक मार्केटपलीकडच्या हायस्कूलमध्ये गेली. तिथं सूक्ष्मदर्शक एकच होता आणि तो कपाटात कुलूप लावून ठेवलेला, काचेतून दिसायचा. पुढं तिचं चांगलं झालं, पण ते तिचं तिनं केलं. त्यासाठी वरचीचे आभार मानायला कुणी मला सांगू नये. आणि मी परत नाडिद्दु म्हणायला लागले. नातू हसतो. हसू दे.

पण त्या रविवारी संध्याकाळी हे काही मला माहीत नव्हतं. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते आणि लेक घड्या घालत होती. मी वरचीला नावं ठेवत होते, मोजून मापून नाही, भरभरून. शनिवारपासून रविवारपर्यंतचं सगळं लेकीला परत परत सांगत होते. मध्येच मी म्हटलं, "पण तुला कसं कळलं नाही गं काही? दोघी दिवसभर एकत्र. ती कधी बोलली नाही?"

लेकीनं टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"बोलली होती," ती म्हणाली.

"कधी?"

"शुक्रवारी. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची आई रांगेत जाणार होती, ते."

शुक्रवारी. म्हणजे फॉर्म मिळायच्या आदल्या दिवशी. सगळं हातात असताना. मी दोरीवरच्या अजून ओल्या परकराला धरून उभी राहिले. वरचीनं फसवलं तेव्हा निदान राग कुणावर काढायचा ते माहीत होतं. ती माडीवर राहत होती. ही तर माझ्या कुशीत झोपणारी.

"तुला ती शाळा नको होती का?"

"हवी होती."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं, जणू एवढं साधं मला कळू नये याचं तिला नवल वाटलं, आणि म्हणाली, "तिनं तुझी शपथ घातली होती. सांगितलं असतं तर तू मेली असतीस. मग फॉर्मवर सही कुणी केली असती? अप्पांना कुठं वेळ असतो."